बिनअडचणीची सवाष्ण

शेवंताबाईची पाळी कायमची गेली, ही बातमी केंदुरात तिच्या नवऱ्याच्या आधी समोरच्या पार्वतीबाईला कळली. यात पार्वतीबाईचं फार मोठं कसब नव्हतं. ज्या घरात वरचेवर सवाष्ण जेवू घालायची असते, त्या घरातली बाई आळीतल्या सगळ्या बायकांचे दिवस पाठ करून असते. कोण कधी बाजूला बसते, कुणाचं चार दिवस मागं-पुढं होतं, कुणाला पुरण शिजल्यावर आयत्या वेळी कावळा शिवतो आणि देवीपुढचं ताट मोकळं राहतं, हे तिला कॅलेंडर न बघता सांगता येतं. शेवंताबाई सहा महिन्यांत एकदाही बाजूला बसली नाही, तेव्हा पार्वतीबाईनं कुंकवाची कोयरी उचलली आणि रस्ता ओलांडून अंगणात येऊन उभी राहिली.

"शेवंताबाई, श्रावणातली शुक्रवारची सवाष्ण तुम्ही. आता तुमची काय अडचण न्हाई."

ते साल दोन हजार एक. शेवंताबाईला एकोणपन्नासावं लागलं होतं.

तिची धाकटी जाऊ अनसाबाई अंगणातच बाजरी पाखडत होती. कोयरी दिसली तशी ती सूप ठेवून आत गेली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. दहा वर्षांपूर्वी विहिरीवरच्या मोटारीचा करंट लागून तिचा नवरा गेला, तेव्हापासून हळदीकुंकू दिसलं की तिचे पाय आपोआप आतल्या खोलीकडं वळत. कान मात्र बाहेरच राहत. अनसाबाईला मोजायची खोड होती. कुणाच्या घरी किती भाकरी होतात, कोण पारावर किती वेळ बसतं, कुणाची सून वर्षातून किती वेळा माहेरी पळते. लोक म्हणत, अनसाबाईच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. ती म्हणे, मुंगीला सुटायचं असेल तर तिनं साखरेपासून लांब राहावं.

आतून तिनं ऐकलं, शेवंताबाई लगेच हो म्हणाली नाही. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

त्याला कारण होतं. लग्नानंतर अकरा वर्षं शेवंताबाईला मूल नव्हतं. त्या अकरा वर्षांत तिला तोंडावर कुणी काही बोललं नाही. गाव तसं सभ्य. फक्त ओटी भरायची वेळ आली की रांग तिच्या पलीकडच्या बाईपासून सुरू व्हायची आणि तिच्या अलीकडं येऊन संपायची. बाराव्या वर्षी रोहिदास झाला, पण तोवर तिची जागा मागं ठरून गेली होती, आणि बायकांच्या रांगेत एकदा ठरलेली जागा मूल झालं म्हणून बदलत नाही. आता पन्नाशीच्या तोंडावर, ज्या घरात पाच सवाष्णी जेवतात त्या घरची बाई स्वतः चालत आली होती. पहिलं नाव घेऊन आली होती.

त्या शुक्रवारी शेवंताबाई तीन पुरणपोळ्या खाऊन, वर वाटीभर तूप रिचवून घरी आली आणि ओसरीवर बसून नवऱ्याला सगळं सांगत राहिली. सर्जेराव भला माणूस. कुरडई कशी होती, कटाची आमटी झणझणीत होती का, हे त्यांनी आवडीनं विचारलं. स्वतः जेवून आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

त्याच वर्षी रोहिदासचं लग्न झालं होतं. तो सणसवाडीला कंपनीत होता. सून अक्षदा दौंड तालुक्यातल्या कासुर्डीची, गुणाची, कामाला वाघ. सून आली की सासूनं बसायचं, ही रीत. सासूच्या हातात केरसुणी दिसली तर नाव आपलं निघेल, असं अक्षदाला माहेराहून बजावून पाठवलेलं, म्हणून शेवंताबाईनं कळशीला हात लावला की ती हिसकावून घेई. तशी आता कळशीही कामापुरतीच उरली होती. नळ अंगणात आला होता, मोटार बटणावर चालत होती, वाटण मिक्सरमध्ये होत होतं. तीस वर्षं पायाला चाकं लावून फिरलेली बाई काही महिन्यांत ओसरीवरच्या खाटेची झाली. आल्यागेल्यानं म्हणावं, सुखाची झाली हो शेवंता. आणि तिनंही पाय लांब करून ते ऐकावं.

सुख अंगावर दिसायला लागलं. दिवाळीपर्यंत पातळाचा घोळ बसेना. हातपाय होते तसेच, पोट तेवढं पुढं आलं. बसल्या बसल्या अंगातून वाफा निघत, मान-कपाळ घामानं डबडबे, आणि ऐन थंडीत ती पदरानं वारा घेई. झोप उडाली. चार पायऱ्या चढली की दम. गावातल्या डॉक्टरानं रक्तदाब पाहिला, पुन्हा एकदा पाहिला आणि शिरूरला दाखवा म्हणाला. अनसाबाई सातवी शिकलेली, म्हणून सोबत तीच गेली.

शिरूरच्या डॉक्टरीणबाई घाईच्या नव्हत्या. त्यांनी रक्त काढलं, हृदयाची पट्टी काढली, वजन केलं, कमरेभोवती टेप धरली. दाब चढलेला होता, रक्तात चरबी होती, साखर उंबऱ्यापर्यंत आली होती. त्यांनी विचारलं, शेतावर राखण कधी लागते? शेवंताबाई म्हणाली, कणीस भरलं की. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाळी होती तोवर तुमच्या हृदयाला शरीराची राखण होती. ती आता उठली. इथून पुढं राखण तुम्हीच करायची."

मग त्यांनी सांगितलं ते अनसाबाईनं शब्दाला शब्द डोक्यात ठेवलं. गोड, तूप, तळलेलं, पापड-लोणचं, हे सणाला चाखण्यापुरतं. रोज बाजरी-ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, बिनमिठाचं ताक. पाऊण तास भरभर चालायचं; चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढ्या वेगानं. दोन दिवसांआड भरली कळशी दहा-पंधरा वेळा उचलून ठेवायची, म्हणजे हाडं आणि दंड धरून राहतील. गोळी रोज सकाळी, चुकवायची नाही. शेवटी त्या शेवंताबाईकडं न बघता अनसाबाईकडं बघून बोलल्या.

"बाईचा हार्ट अटॅक सिनेमातल्यासारखा नसतो. ती छाती धरून कोसळेलच असं नाही. जबडा दुखतो, पाठ भरून येते, मळमळतं, दम लागतो, गार घाम सुटतो. बायका पित्त झालं म्हणून ओवा चावतात आणि ओवा तोंडात असतानाच जातात. हे लक्षात ठेवा."

शेवंताबाईचं लक्ष तेव्हा वजनकाट्यावर होतं. काटा खोटा आहे का, हे ती दुरून ताडून पाहत होती.

परतीच्या एसटीत मलठण मागं पडलं. मग शेवंताबाई म्हणाली, जन्म शेतात गेला आणि ही मला चालायला शिकवती. आणखी थोड्या वेळानं म्हणाली, "चालीन गं, अनसे. पर जायचं कुठं?"

प्रश्न खरा होता. केंदुरात बाई कुठंतरी जाण्यासाठी चालते. नुसती चालत नाही. पहिल्या सकाळी दोघी रिकाम्या हातानं भरभर निघाल्या, तर वेशीपर्यंत तिघांनी विचारलं, कोण वारलं? एकानं तर टोपी काढून हातात घेतली. दुसऱ्या दिवशी अनसाबाईनं दोन विळे काढले, दोन रिकामी पोती खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "चल आक्का, आपण वैरणीला चाललोय." त्या दिवसापासून कुणी काही विचारलं नाही. पाझर तलावापर्यंत जायचं, बांधाला हात लावायचा, परत फिरायचं आणि येताना दिसण्यापुरतं मूठभर गवत पोत्यात टाकायचं. म्हशीलाही ते फारसं पुरत नसे, पण लोकांच्या तोंडाला पुरे.

दाराआडच्या भिंतीवर अनसाबाई कोळशानं रेघा ओढू लागली. उजवीकडं चालण्याची रेघ, एका दिवसाला एक. डावीकडं पुरणपोळीची, एका पोळीला एक. शेवंताबाई हसायची. म्हणायची, यमाच्या घरी तुला कारकुनाची नोकरी पक्की हाय. पण रेघ ओढायची राहिली तर तीच आठवण करून द्यायची.

शिमग्यापर्यंत तीन किलो उतरलं. दाब खाली आला. डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटली. एक घोटाळा मात्र झाला होता. कमी खा, याचा अर्थ शेवंताबाईनं उपास असा घेतला होता, आणि गुरुवारच्या जोडीला सोमवार आणि शनिवार धरला होता. उपासाला साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट, बटाट्याचा कीस, सगळं तुपात. डॉक्टरीणबाईंनी ते ऐकून कपाळाला हात लावला. अशा उपासापेक्षा दोन भाकऱ्या खा, म्हणाल्या. शेवंताबाईनं शनिवार सोडला. देवाला एकदम तीन वार तोडून कसं चालेल.

मग लग्नसराई आली.

लग्नाआधी देवीची सवाष्ण, लग्नानंतर जागरण-गोंधळाची सवाष्ण, नव्या घराच्या वास्तूची, बोअरला पाणी लागल्याची, नवसाची. आणि ज्या घरात सवाष्ण हवी, त्या घरची बाई पहिल्यांदा विचार करी तो अडचणीचा. तरण्या बायकांचा भरवसा नाही. म्हाताऱ्या उरतात त्यांतल्या निम्म्यांचं कुंकू पुसलेलं, उरलेल्यांचे दात पडलेले. नवरा जिवंत, पोटी लेक, दात शाबूत आणि अडचण कायमची गेलेली, अशी बाई आळीत एकच होती. पार्वतीबाईनं तिला नाव ठेवलं, बिनअडचणीची सवाष्ण. ती म्हणायची, एसटी चुकंल, शेवंताबाई चुकायच्या न्हाईत.

सवाष्णीच्या ताटाला नियम असतो. ताटात वाढलेलं टाकायचं नाही. सवाष्ण उपाशी उठली तर देवी उपाशी उठली. आणि वाढणारीनं आग्रह केला नाही तर घरचा हात आखडता आहे असं दिसतं. त्यामुळं एका बाजूनं पोळी पडत राहते, दुसऱ्या बाजूनं ती जात राहते, आणि मधे नको म्हणायला कुणालाच वाव नसतो. आणखी एक होतं, ते अनसाबाईला उशिरा कळलं. देवीच्या ताटाआधी तोंडात काही घालायचं नाही, म्हणून ज्या दिवशी आमंत्रण त्या दिवशी शेवंताबाई दाबाची गोळीही घेत नव्हती. वैशाखात असे अकरा दिवस भरले.

सकाळचं चालणंही तुटत चाललं. जेवून जड झालेली बाई पहाटे उठत नाही. शिवाय कुणीतरी म्हणालं, सवाष्ण म्हणून पुजलेल्या बाईनं पोतं खांद्यावर टाकून हिंडणं बरं दिसत नाही. बरं दिसणं ही गोष्ट शेवंताबाईला फार उशिरा मिळाली होती. ती तिनं पोत्यापायी घालवली नसती.

श्रावण लागायच्या आधी अनसाबाईनं तिला हाताला धरून दाराआड नेलं. उजवीकडच्या रेघा कमरेएवढ्या उंचीवर थांबल्या होत्या. डावीकडच्या डोक्याच्या वर गेल्या होत्या. अनसाबाई म्हणाली, श्रावणात चार शुक्रवार आहेत, एका शुक्रवारी एकच घर घे, आणि एकच पोळी. बाकीच्यांना सांग, डॉक्टरांनी बंद केलंय.

शेवंताबाई भिंतीकडं बघत राहिली.

"अकरा वर्षं मी रांगंत हुभी व्हते, अनसे. कुकवाचं बोट माझ्या मोरनं जायचं. आज माझ्या पायावर दूध घालत्यात. त्यास्नी मी काय सांगू, मला गोड चालत न्हाई?"

"जीव राहिला तर पाय राहत्याल. मग दूध."

"पार्वतीबाई म्हणत व्हती ते खरं हाय का मग?" शेवंताबाईचा आवाज खाली गेला. "तुला कुणी बोलवत न्हाई. म्हून माझं ताट तुझ्या डोळ्यात येतं."

अनसाबाईकडं याला उत्तर होतं, पण ते द्यायचं तर आधी हे मान्य करावं लागलं असतं, की दहा वर्षांत पुरणाचा वास आला की तिला काय होतं. शेवंताबाईनं पदराच्या टोकानं भिंतीवरच्या दोन्ही बाजूंच्या रेघा पुसल्या. भिंत नीट साफ झाली नाही. पदर मात्र काळा झाला.

दुसऱ्या दिवसापासून अनसाबाई एकच विळा घेऊन तलावाकडं जाऊ लागली.

श्रावणातला शेवटचा शुक्रवार. पोळा तोंडावर आला होता, बारीक पाऊस लागून राहिला होता, हवेत गारठा होता. त्या दिवशी शेवंताबाईला तीन घरं होती. सकाळी साडेदहाला एक, बाराला दुसरं, आणि दीडच्या सुमाराला पार्वतीबाईचं. पार्वतीबाईकडं पोळ्या लाटायला अनसाबाईला बोलावलं होतं. तिच्या हातची पोळी फुटत नसे. चुलीपुढं विधवा चालते, पाटापुढं चालत नाही. त्यामुळं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत अनसाबाई आणि तिथून पुढं पार्वतीबाई, अशी वाटणी झाली होती.

अनसाबाईनं तीन पोळ्या वेगळ्या लाटल्या. वरून फुगलेल्या, आत पुरण जेमतेम चमचाभर. त्या तिनं परातीत एका कडेला ठेवल्या आणि शेवंताबाईच्या ताटासाठी पुढं सरकवल्या. पार्वतीबाईनं पहिली पोळी उचलली आणि हातावर तोलली. आयुष्यभर पोळ्या वाढलेल्या बाईच्या हाताला वजन कळतं. तिनं काही न बोलता ती परत ठेवली आणि दुसऱ्या चवडीतल्या जाड पोळ्या घेतल्या.

उंबऱ्यातून पाट दिसत होता. शेवंताबाई हिरव्या पातळात बसली होती, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, पायांवर हळदीचं पाणी अजून ओलं. तिसऱ्या घरचं ताट म्हणून ती हळूहळू खात होती. पहिली पोळी संपली. दुसरीचा निम्मा भाग गेला आणि तिचा हात थांबला. तो हात तिनं डाव्या जबड्याखाली नेला आणि दाढ दुखत असल्यासारखा दाबून धरला. मग मान मागं-पुढं केली. कपाळावरचं कुंकू ओघळायला लागलं.

"वाफा का वं?" पार्वतीबाईनं विचारलं, आणि पंखा लावायला सांगितलं.

"व्हय. वाफाच."

अनसाबाईच्या हातात लाटणं होतं. गार हवेत गार घाम. जबडा. तिला शिरूरच्या खोलीतली ती खुर्ची, तो काटा, डॉक्टरीणबाईंची नजर, सगळं एकदम समोर आलं. तिला हेही कळलं की ताट थांबवायला बोलण्याची गरज नाही. उठायचं, चार पावलं टाकायची आणि पिठाचा हात त्या ताटाला लावायचा. विधवेचा हात लागलेलं ताट सवाष्ण खात नाही. पार्वतीबाई स्वतःच उचलून नेईल. मग आरडाओरडा होईल, लोक म्हणतील ते म्हणतील, आणि तेवढ्या वेळात जीप काढता येईल.

ती उठली. उंबऱ्यापर्यंत आली. शेवंताबाईनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत ते सगळं होतं, रेघा पुसल्या त्या दिवसाचं. तुझ्या डोळ्यात येतं.

अनसाबाई उंबऱ्यात उभी राहिली. चार पावलं तिला टाकता आली नाहीत. पुढं आयुष्यभर तिनं पुष्कळ गोष्टी मोजल्या, पण त्या चार पावलांएवढी लांब वाट तिला दुसरी मोजता आली नाही. शेवंताबाईनं दुसरी पोळी संपवली, तिसरी संपवली, वर दूध प्यायली आणि ताट पुसून घेतल्यासारखं करून उठली.

घरी आली ती खाटेवर आडवी झाली. पित्त उसळलंय म्हणाली. अक्षदानं ओवा दिला. अनसाबाई मागोमाग धावत आली आणि सर्जेरावांपुढं उभी राहून म्हणाली, जीप बघा, हे पित्त न्हाई. सर्जेराव म्हणाले, तीन घरचं जेवण झालंय, थोडं पडू द्या. रोहिदास कंपनीत होता. अक्षदा सासूचे पाय चोळत बसली. अनसाबाई स्वतः पारापर्यंत गेली, जीपवाल्याला जेवणावरून उठवून आणलं. यात तास गेला.

जीप पाबळ ओलांडून कान्हूरच्या पुढं आली तेव्हा शेवंताबाईचं डोकं अनसाबाईच्या मांडीवर होतं. तिनं डोळे उघडून विचारलं, ताट टाकलं नाही ना मी? अनसाबाई म्हणाली, न्हाई आक्का, सगळं संपवलंस. मग मलठणच्या अलीकडं एका वळणावर तिचा हात सैल पडला. तोंडात ओव्याचे दाणे तसेच होते.

सर्जेराव धाकट्या भावजयीशी सहसा थेट बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

"पित्तच व्हतं ना, अनसाबाई?"

अनसाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं आणि व्हय म्हणाली. खरं ऐकून त्या माणसाचं काही वाचणार नव्हतं.

सवाष्ण गेली म्हणून शेवंताबाईला हिरवं पातळ नेसवलं, मळवट भरला, हिरवा चुडा घातला. बायका रांगेनं आल्या आणि तिची ओटी भरून पाया पडल्या. भाग्याची म्हणाल्या, भरल्या कुंकवानं गेली, पुरण खाऊन गेली. त्या दिवशी ओटी तिच्यापासून सुरू झाली आणि तिच्यापाशीच संपली. अनसाबाई गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती. तिला पाया पडायचं होतं, पण रांग कुंकवाची होती.

वर्ष गेलं. पुढच्या भाद्रपदात पितृपंधरवडा आला आणि अविधवा नवमी आली. कुंकवासकट गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. कोण बोलवायची, यावर घरात चर्चा झालीच नाही. पार्वतीबाईची पाळी होळीपासून बंद होती. आळीनं हिशेब कधीच केला होता. अक्षदा कोयरी घेऊन रस्ता ओलांडून गेली आणि लगेच परत आली.

पोळ्या अनसाबाईनंच लाटल्या. सासऱ्याच्या सांगण्यावरून अक्षदानं ताट मोठं घेतलं होतं. शेवंताबाईला आवडायचं ते सगळं त्यात होतं. पार्वतीबाई आली. ओसरीच्या तीन पायऱ्या चढून ती खांबाला धरून उभी राहिली. तोंडानं श्वास घेत होती. पोट पुढं आलं होतं. पाटावर बसताना तिनं पदरानं मान पुसली आणि हसून अक्षदाला म्हणाली, हल्ली वाफा येत्यात बाई, तुझ्या सासूसारख्या.

अक्षदानं पहिली पोळी वाढली, तूप सोडलं.

अनसाबाई चुलीपुढनं उठली. या वेळी ती उंबऱ्यात थांबली नाही. पाटापाशी गेली, खाली वाकली आणि पिठाचा हात ताटात, पोळीच्या मधोमध ठेवला.

कुणी ओरडलं नाही. सर्जेराव भिंतीशी बसले होते, त्यांनी डोळे मिटून घेतले. पार्वतीबाई पाटावर तशीच मागं सरकली, कपडा पेटल्यासारखी. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं ते अनसाबाईनं आधी एकदा पाहिलं होतं.

"वर्षभर मनात ठिवलं व्हतंस तर," पार्वतीबाई म्हणाली. "ती गेली तरी तिच्या ताटावरनं तुझी नजर गेली न्हाई."

"नुसत्या वाफा न्हाईत ह्या," अनसाबाई म्हणाली. "शिरूरला चल माझ्यासंगं. सोमवारी. मी येती सोबत."

अक्षदानं रडत रडत ताट उचललं, मागच्या दारी नेलं, राखेनं घासलं, आणि दुसरं ताट वाढून आणलं. झाल्या प्रकाराची दोषशांती म्हणून सर्जेरावांनी हात जोडून पार्वतीबाईला विनवलं, पोटभर जेवा, तिच्या आत्म्याला लागेल. पार्वतीबाई रडली, आणि मग जेवली. आधी तीन पोळ्यांचा बेत होता. आता चार झाल्या. अनसाबाईनं चुलीपुढं बसून त्या मोजल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती दोन विळे आणि दोन पोती घेऊन पार्वतीबाईच्या दारासमोर रस्त्यात उभी राहिली. आत दिवा लागला. भांड्याचा आवाज आला. कुणीतरी खिडकीची फळी थोडी उघडली आणि परत लावून घेतली. दूधवाला मच्छिंद्र सायकल हातात धरून जात होता, त्यानं विचारलं, काकू, कुणाची वाट बघता? वैरणीला चाललेय, ती म्हणाली.

ऊन देवळाच्या शिखरावर आलं तसा तिनं एक विळा रिकाम्या पोत्यात गुंडाळला आणि चालायला लागली. भरभर चालली, बोलता आलं असतं पण गाणं म्हणता आलं नसतं, एवढ्या वेगानं. तलावाच्या बांधाला तिनं दोनदा हात लावला, एकदा स्वतःचा म्हणून आणि एकदा तसाच, आणि परत फिरली.